‘उत्कृष्ट स्वयंसेवक’ पुरस्कारानंतर माणसे का गळतात?

आपला प्रश्न मी समजले तो असा. आपल्या परिसरात चाळीसेक स्वयंसेवक चार वर्षांपासून नियमित काम करीत आहेत. झाडे लावून ती जगवणे, पडीक कोपऱ्यांतील कचरा काढणे, बंद पडलेल्या दिव्यांचा पाठपुरावा करणे, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची विचारपूस करणे असे त्या कामाचे स्वरूप आहे. गेल्या वर्षी आपण प्रथमच ‘उत्कृष्ट स्वयंसेवक’ पुरस्कार दिला, कार्यक्रमही चांगला झाला; मात्र पुढच्या तीन महिन्यांत पाच जण हळूहळू येईनासे झाले आणि त्यांत सर्वांत जुन्या दोघी बाई होत्या. यंदा पुरस्कार द्यावा की बंद करावा, द्यायचा तर निवड कशी करावी आणि सोबत रोख रक्कम असावी का, असे आपण विचारले आहे. आपल्या समितीतील एकाचे मत असे दिसते की, ज्यांना पुरस्कार मिळाला नाही ते रुसले, आणि रुसणाऱ्यांच्या मागे किती धावायचे?

बावीस वर्षे मी अशा गटांबरोबर समन्वयक म्हणून काम करीत आहे. त्या अनुभवावरून सांगते की ‘रुसले’ हे निदान बहुतेक वेळा चुकीचे ठरते. ते सोयीचे असते, कारण त्यात दोष समोरच्याच्या स्वभावाकडे जातो. आपल्या तीन प्रश्नांकडे वळण्यापूर्वी एक साधी परीक्षा करून पाहावी. समितीच्या बैठकीत प्रत्येकाला एक कोरा कागद द्यावा आणि पुरस्कार न मिळालेल्या एकोणचाळीस जणांची नावे आठवून, त्यांनी वर्षभरात नेमके काय केले हे प्रत्येक नावापुढे दोन ओळींत लिहायला सांगावे. ‘खूप मदत करतात’, ‘नेहमी हजर असतात’ अशा ओळी मोजायच्या नाहीत. मी ही परीक्षा अनेक गटांत घेतली आहे आणि बहुतेक ठिकाणी आठ-दहा नावांनंतर गाडी अडते. मग कागदावर राहिलेल्या मोकळ्या जागेकडे सगळे पाहत बसतात.

माझ्या मते आपल्याकडे जे घडले ते या मोकळ्या जागेमुळे घडले. चार वर्षे कुणाचाच सत्कार होत नव्हता, तोवर ‘आपले काम कुणी पाहते का’ हा प्रश्न कुणाच्या मनात फारसा येत नव्हता. पुरस्कार जाहीर झाला आणि त्यासोबत कुणीतरी सर्वांचे काम पाहिले, तोलले आणि मग निवड केली असा दावाही आपोआप झाला. ज्यांचे काम पाहिलेच गेले नव्हते, त्यांना तो दावा पोकळ असल्याचे त्या क्षणी कळले. पुरस्कार हुकल्याचे दुःख माणूस पचवतो. आपले काम कुणाच्या गणतीतच नव्हते, हे मात्र सहज पचत नाही.

माझी स्वतःची एक चूक सांगते. आमच्या गटात एक निवृत्त गृहस्थ होते. पावसाळ्यापूर्वीचे तीन आठवडे ते रोज पहाटे, टोक वाकवलेली एक लोखंडी सळई घेऊन बाहेर पडत. रस्त्याकडेच्या गटारांवर ज्या जाळ्या बसवलेल्या असतात त्यांच्या फटींत पाने, माती आणि प्लास्टिकच्या पिशव्या घट्ट अडकून बसतात. ते सळईचे टोक फटीत घालून तो गाळ ओढून काढत, जाळीच्या बाजूला त्याचा ढीग करत आणि ढीग दोन दिवस वाळला की पोत्यात भरत. ओला गाळ भरला तर पोते उचलताना फाटते, हे मला पुढे त्यांच्याकडूनच कळले. अशा सव्वीस जाळ्या होत्या. त्या वर्षीचा पुरस्कार आम्ही कुंपणाची भिंत रंगवणाऱ्या एका तरुणाला दिला. त्याचे काम चांगलेच होते, येता-जाता सर्वांना दिसत होते आणि त्याची छायाचित्रेही सुंदर आली होती.

पुढच्या वर्षी ते गृहस्थ आले नाहीत. त्यांनी तक्रार केली नाही की निरोप पाठवला नाही. पहिल्याच मोठ्या पावसात चौकात गुडघाभर पाणी साचले तेव्हा आम्ही सवयीप्रमाणे प्रशासनाला तक्रारीचे पत्र लिहायला बसलो आणि लिहिता लिहिता कुणीतरी म्हणाले की, गेली काही वर्षे इथे पाणी साचत नव्हते. का साचत नव्हते, हे आमच्यापैकी एकालाही सांगता येईना. चौकशी करत मी त्यांच्या घरी पोहोचले. मनाची तयारी करून गेले होते की पुरस्काराबद्दल काही ऐकून घ्यावे लागेल. ते म्हणाले, “पुरस्काराचे काही नाही हो. पण त्या दिवशी भाषणात तुम्ही म्हणालात, यंदा पाऊस बेताचा झाला म्हणून पाणी साचले नाही. पाऊस बेताचा नव्हता.”

यावर मला काही बोलता आले नाही. श्रेय दुसऱ्या माणसाला दिले असते तरी त्यांना चालले असते. मी ते पावसाला दिले होते.

परिसर सुधारण्याच्या कामात ही अडचण नेहमीची आहे, कारण त्यातील निम्मे काम यशस्वी झाले की दिसेनासे होते. झाड लावताना दिसते. ते जगवण्यासाठी सलग तीन उन्हाळे घातलेले पाणी दिसत नाही. सफाई मोहीम दिसते. मोहिमेनंतर हातमोजे धुऊन, वाळवून, जोड्या लावून ठेवणारी व्यक्ती दिसत नाही. भांडण मिटले की भांडण होते हेच लोक विसरतात, मग मिटवणाऱ्याचे नाव कोण काढणार? म्हणून निवड ‘दिसले त्यावरून’ केली की पुरस्कार रंग, फलक, भाषण आणि छायाचित्र यांच्याकडेच जातो, आणि त्यामागे कुणाचा वशिला असण्याचीही गरज नसते.

आता काय कशावर अवलंबून आहे ते आधी स्पष्ट करते, म्हणजे पुढचे सांगणे सरसकट वाटणार नाही. गट दहा-पंधरा जणांचा असेल तर वार्षिक पुरस्काराची मुळीच गरज नाही. तिथे सर्व जण एकमेकांचे काम जाणतात आणि एकाला वेगळे काढणे विचित्र दिसते. गट शंभराच्या पुढे गेला की काहीतरी जाहीर व्यवस्था लागते, कारण माणसे एकमेकांना नावानेही ओळखत नाहीत. आपला चाळिसांचा गट मधल्या अवघड जागी आहे. गौरव कोण करतो यानेही फरक पडतो. सहकाऱ्यांनी केलेले कौतुक, ज्यांना कामाचा लाभ झाला त्यांनी मानलेले आभार आणि पदाधिकाऱ्याने दिलेले प्रशस्तिपत्र या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीची भूक दुसरीने भागत नाही. शिवाय माणसे येतात त्यामागची कारणेही निरनिराळी असतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गिल क्लॅरी, मार्क स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्वयंसेवेमागच्या सहा प्रेरणा मांडल्या: मूल्यांवरची निष्ठा, नवे शिकण्याची इच्छा, ओळखीच्यांची संगत, व्यवसायात उपयोगी पडेल असा अनुभव, स्वतःच्या चिंता-अपराधभावापासून सुटका आणि आत्मसन्मान. जो शिकायला येतो त्याला मोठे काम सोपवणे हा गौरव वाटतो. जो संगतीसाठी येतो त्याला, तो आला नाही त्या दिवशी आलेला फोन पुरेसा असतो. दोघांना एकच सन्मानचिन्ह दिले तर ते दोघांच्याही घरी कपाटावर धूळ खाते.

बक्षिसाने उत्साह वाढतो की घटतो, यावर बराच अभ्यास झाला आहे आणि त्यातले तीन मला आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाचे वाटतात. पहिला जुना आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना ‘चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले, काहींना न सांगता नंतर दिले आणि काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात मोकळ्या वेळेत रंगीत पेने ठेवली, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रे काढत होती. ज्यांना ते अनपेक्षितपणे मिळाले होते त्यांच्या आवडीत अशी घट झाली नव्हती. म्हणजे कागद एकच होता; तो ‘सौदा’ म्हणून आला की ‘दाद’ म्हणून आला, यावर परिणाम ठरला.

एवढ्यावरून ‘अनपेक्षित गौरव नेहमी सुरक्षित’ असा निष्कर्ष मी अनेक वर्षे काढत असे. पुढे तो मला दुरुस्त करावा लागला. कार्ली रॉबिन्सन, जाना गॅलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पंधरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्ण हजेरीसाठी आधी जाहीर केलेल्या पुरस्काराने सरासरी हजेरीत फरक पडला नाही, तर आधीच्या चांगल्या हजेरीबद्दल न सांगता दिलेल्या प्रशस्तिपत्रानंतर त्या विद्यार्थ्यांची हजेरी उलट घटली. संशोधकांचे स्पष्टीकरण असे की, ‘तू इतरांपेक्षा आणि अपेक्षेपेक्षा जास्त आलास’ असा निरोप त्या कागदातून नकळत गेला. आपल्याकडे एखाद्याला ‘सर्वाधिक उपस्थिती’चा मान देताना हेच घडते. त्याला कळते की तो गरजेपेक्षा जास्त येत होता. बाकीच्यांना कळते की कमी आले तरी चालते.

तिसरा अभ्यास याच गॅलस यांचा, २०१७ चा. जर्मन भाषेतील विकिपीडियावर नव्याने लेखन करू लागलेल्यांपैकी पात्र लोकांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काहींना निवडले आणि त्यांच्या पानावर एक निव्वळ प्रतीकात्मक सन्मान झळकवला. त्यासोबत पैसे किंवा वस्तू असे काहीच नव्हते. तरीही पुढच्या महिन्यात काम चालू ठेवणाऱ्यांचे प्रमाण सन्मान न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २० टक्क्यांनी जास्त होते आणि हा परिणाम नंतरच्या चार तिमाहींपर्यंत टिकला. एकाच संशोधिकेच्या दोन अभ्यासांत असे उलट निष्कर्ष का, याचा मी माझ्यापुरता लावलेला अर्थ असा: विद्यार्थ्यांची हजेरी रोज घेतली जातेच, त्यांना प्रशस्तिपत्राने ‘आम्ही पाहिले’ असे नवे काहीच सांगितले नाही. विकिपीडियावरचा नवखा लेखक मात्र एकटा बसून लिहितो. आपले लिहिणे कुणी वाचले की नाही हेही त्याला ठाऊक नसते. त्याच्यासाठी तो सन्मान ‘कुणीतरी पाहिले’ याची पहिली खूण होती. पहाटे सळई घेऊन निघणारा माणूस या नवख्या लेखकाच्या जागी असतो.

म्हणून माझे सांगणे असे की यंदा पुरस्काराची रूपरेषा ठरवण्यापूर्वी एक नोंदवही सुरू करावी. हे ऐकायला कारकुनी वाटते आणि मी सुचवते तेव्हा पहिल्यांदा कुणाचाच उत्साह दिसत नाही. साधी दोनशे पानी वही पुरे. दर पंधरवड्याला दोन जणांनी ती सांभाळायची आणि नंतर पुढच्या दोघांकडे द्यायची. त्या काळात कुणी काय केले हे पाहून, विचारून, ऐकून लिहायचे. आमच्या वहीतील एक नोंद नमुन्यादाखल देते: ‘गुरुवार. उद्यानातल्या तिसऱ्या बाकाचा वर आलेला खिळा ठोकून बसवला. मुलांचे कपडे अडकून फाटत होते. कुणी सांगितले नव्हते.’ पुढे ते करणाऱ्या बाईंचे नाव आहे. एवढेच पुरे असते. फक्त दोन पथ्ये पाळावीत. तास लिहू नयेत, कारण तास लिहिले की वहीची हजेरीपट होते. ‘उत्तम’, ‘स्तुत्य’ अशी विशेषणेही लिहू नयेत, कारण नोंद लिहिणारा परीक्षक नसतो.

या वहीचा खरा उपयोग तीन-चार महिन्यांनी दिसतो. तेव्हा शांतपणे बसून, कुणाचे नाव एकदाही आलेले नाही हे पाहावे. अशी सहा-सात नावे तरी निघतातच. त्यांतले एक-दोघे खरोखर काही करत नसतात, हे खरे. उरलेले बहुधा ते असतात ज्यांचे काम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पडत नाही: वृद्धांकडे दुपारी जाणारी, अवजारांच्या खोलीची किल्ली सांभाळणारा, अर्ज लिहून देणारी. त्यांच्याबरोबर एक सकाळ किंवा एक दुपार घालवावी. माझ्या अनुभवात या भेटीचा परिणाम कुठल्याही सन्मानचिन्हापेक्षा अधिक झाला आहे.

आभार मानण्याची भाषाही याच वहीतून येते. ‘आपल्या अमूल्य योगदानाबद्दल समिती आपली ऋणी आहे’ हे वाक्य चाळीस प्रशस्तिपत्रांवर छापता येते, यातच त्याची किंमत कळते. त्याऐवजी तीन गोष्टी लिहाव्यात: काय केले, त्याने काय बदलले, आणि आम्हाला ते कसे कळले. उदाहरणार्थ, ‘कोपऱ्यावरच्या दिव्यासाठी आपण सात वेळा पाठपुरावा केलात. दिवा लागल्यापासून शिकवणीहून परतणाऱ्या मुली लांबचा रस्ता घेत नाहीत. हे त्यांच्यातल्याच एकीने आम्हाला सांगितले.’ तिसरा भाग लोक सहसा गाळतात, पण पुरावा त्यातच असतो. आणि असे पत्र लिहायला संकोचू नये. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या २०१८ च्या अभ्यासात कृतज्ञतेची पत्रे लिहिणाऱ्यांना वाटले होते त्यापेक्षा, ती मिळालेल्यांना कितीतरी जास्त आनंद झाला आणि अवघडलेपण मात्र त्यांच्या अंदाजापेक्षा कमी वाटले. आपण लिहीत नाही ते ‘त्यांना काय वाटेल’ या भीतीने. ती भीती बहुधा आपलीच असते.

रोख रकमेबद्दल माझे मत स्पष्ट आहे: गौरव म्हणून देऊ नये. १९७० मध्ये रिचर्ड टिटमस यांनी रक्तदानाच्या संदर्भात असे मांडले होते की, पैसे देऊ केल्याने दानाची भावनाच मागे सरते. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे कार्ल मेलस्ट्रॉम आणि मॅग्नस योहानेसन यांनी ते तपासून पाहिले आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रक्तदाता होण्यास तयार असलेल्या स्त्रियांचे प्रमाण मोबदला नसताना ५२ टक्के होते, मोबदला देऊ केल्यावर ते ३० टक्क्यांवर आले आणि तीच रक्कम दान करण्याची मुभा दिल्यावर पुन्हा ५३ टक्के झाले. पुरुषांच्या बाबतीत असा ठळक फरक आढळला नाही, त्यामुळे हा नियम सर्वांना सारखा लागू आहे असे म्हणता येत नाही. तरीही त्यातून एक व्यावहारिक वाट निघते. रक्कम हाती असेलच तर ती व्यक्तीला न देता, तिने निवडलेल्या परिसरातील कामासाठी तिच्या नावे राखून ठेवावी.

यात एक गल्लत मात्र होऊ देऊ नये. स्वयंसेवकाच्या खिशातून गेलेला खर्च परत करणे हा मोबदला नव्हे, ती आपली देणी आहेत. हातमोजे, फावडे, प्रवास, कागदपत्रांच्या प्रती यांवर माणसे वर्षानुवर्षे स्वतःचे पैसे घालतात आणि मागायला लाजतात. खर्च थकवून वर सन्मानचिन्ह देणे मला अपमानास्पद वाटते. ज्यांच्याकडे घालायला पैसे नाहीत ते अशा गटातून न बोलता बाजूला होतात, आणि मग समितीत चर्चा होते की अमुक वस्तीतली माणसे पुढे येत नाहीत.

निवडीबद्दल. तासांवर आधारलेल्या योजना सोप्या असतात. अमेरिकेत २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्राध्यक्षांच्या स्वयंसेवा पुरस्कारात प्रौढांसाठी वर्षाला १०० तासांपासून कांस्य, २५० पासून रौप्य आणि ५०० पासून सुवर्ण अशा पायऱ्या ठेवल्या होत्या. यात पक्षपाताला जागा नाही हा मोठा गुण आहे, आणि मोठ्या देशाला दुसरा उपायही नसेल. मात्र चाळीस जणांच्या गटात तासांचा निकष ज्याच्याकडे मोकळा वेळ आहे त्यालाच पुढे नेतो. दोन नोकऱ्या सांभाळून रविवारचा एक तास देणारी व्यक्ती कधीच त्या यादीत येत नाही, आणि तिचा तो एक तास किती महाग आहे हे यादीला कळत नाही. ब्रिटनमध्ये २००२ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सुरू झालेला स्वयंसेवा पुरस्कार व्यक्तीला न देता गटाला दिला जातो. मला ही दिशा अधिक मानवते.

त्याहून मानवते ती आयर्लंडमधील ‘टायडी टाउन्स’ ही स्पर्धा. ती १९५८ पासून चालू आहे आणि पहिला मान डोनेगल परगण्यातील ग्लेन्टीज या छोट्या गावाला मिळाला होता. परीक्षक गावात प्रत्यक्ष येऊन रस्ते, हिरवळ, निसर्ग, स्वच्छता, लोकांचा सहभाग अशा अनेक अंगांनी गुण देतात. पण मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते: जिंको वा हरो, भाग घेतलेल्या प्रत्येक गावाला परीक्षकांचा लेखी अहवाल मिळतो. अमुक कोपऱ्यातील फुलझाडे चांगली जपली आहेत, तमुक भिंतीला डागडुजी हवी, असे त्यात नेमकेपणाने लिहिलेले असते. बक्षीस एकाला आणि निरीक्षण सर्वांना, असा हा हिशेब आहे. आपल्या गटात हे सहज करता येईल: यंदा ‘उत्कृष्ट’ कुणी नसावा, पण चाळिसांपैकी प्रत्येकाला नोंदवहीच्या आधारे लिहिलेले पाच-सहा ओळींचे पत्र मिळावे. चाळीस पत्रे म्हणजे चार जणांचे दोन रविवार.

तरीही वैयक्तिक पुरस्कार ठेवायचाच असा समितीचा आग्रह असेल, तर ‘सर्वोत्कृष्ट’ हा शब्द काढून कामाचे नाव द्यावे आणि ते नाव दरवर्षी बदलावे. यंदा ‘न दिसणारी देखभाल’, पुढच्या वर्षी ‘नव्या माणसाला शिकवणारे’. नामांकने लाभ झालेल्या लोकांकडून मागवावीत, स्वयंसेवकांकडून स्वतःबद्दल मागवू नयेत. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये दाखवले की सामायिक कामातील आपापला वाटा लोक खऱ्यापेक्षा जास्त सांगतात, आणि त्यात लबाडी असतेच असे नाही. माणसाला स्वतःचे कष्ट जास्त आठवतात इतकेच. निवड करणाऱ्यांत समितीचे पदाधिकारी अल्पमतात असावेत आणि निवडीचे कारण दोन वाक्यांत जाहीर सांगता आले पाहिजे. सांगता येत नसेल तर निवड पुन्हा करावी.

कार्यक्रमाबद्दल थोडेच सांगते. प्रमुख पाहुण्यांनी पाऊण तास बोलायचे आणि स्वयंसेवकांची नावे शेवटी घाईघाईने, निम्मी चुकीची वाचायची, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता त्याबद्दल रागही येत नाही. नावे आधी वाचावीत आणि ज्याचे नाव आहे त्यालाच उच्चार विचारून ठेवावा. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्ये ५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन म्हणून जाहीर केला. कार्यक्रम त्या दिवशी करायला हरकत नाही, पण दाद तोवर साठवून ठेवू नये. आणि प्रत्येकाला विचारावे की व्यासपीठावर यायला, छायाचित्र द्यायला चालेल का. काहींना ते नको असते, काहींना घरच्या किंवा नोकरीच्या कारणाने ते अडचणीचे असते. ‘नको’ म्हटल्यावर आग्रह करू नये, तो विनय नसतो.

राहिल्या त्या सर्वांत जुन्या दोघी. आपण विचारलेले नाही, पण मला आपल्या पत्रातील हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटला. त्यांना परत आणण्यासाठी यंदाचा पुरस्कार देऊ नये. ती भरपाई आहे हे त्यांना लगेच कळेल आणि ते त्यांना अधिक लागेल. आपण स्वतः जावे, सोबत फार तर एक जण असावा. जाण्यापूर्वी त्या नेमके काय करीत होत्या याची शक्य तितकी माहिती काढावी. ‘परत या’ असे पहिल्या भेटीत म्हणू नये. चार वर्षांत त्यांनी काय उभे केले ते आम्हाला नीट माहीत नाही, नोंदवही सुरू करीत आहोत आणि पहिली पाने तुमच्याकडून ऐकून लिहायची आहेत, असे सांगावे. ते खरे असेल तरच सांगावे, म्हणजे वही खरोखर सोबत न्यावी आणि त्या बोलू लागल्या की लिहून घ्यावे.

मी त्या सळईवाल्या गृहस्थांकडे दुसऱ्यांदा गेले तेव्हा वही घेऊन गेले होते. त्यांनी सव्वीस जाळ्यांचा नकाशा काढून दिला, त्यातल्या चारांवर फुली मारली आणि म्हणाले की या आधी उघडायच्या, उतार इकडे आहे. गुडघ्यांमुळे ते पुन्हा कामाला आले नाहीत. भिंत रंगवणारा तो तरुण आता ती सळई वापरतो, आणि ओला गाळ पोत्यात भरत नाही.